हिवाळी रंगकाम चॅलेंज: स्वार मार्गी लागले, आता नियमांचं बोलू

मंडळी, ठरलेल्या मुदतीत जमतील तितक्या फिगर रंगवून गुण मिळवायच्या आपल्या चॅलेंजमध्ये माझी मराठा स्वारांची पहिली तुकडी हातावेगळी झाली. 28 मिमीच्या धातूच्या फिगर, म्हणजे हाताने रंगवायचे छोटे सैनिक. घोडे आणि स्वार वेगवेगळे रंगवले आणि चिकटवले सगळ्यात शेवटी. आधी चिकटवले तर खोगिराच्या कडेला आणि स्वाराच्या मांडीखाली ब्रश पोचत नाही.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो कुमेद, म्हणजे काळ्या आयाळीच्या तपकिरी घोड्याने. गडद तपकिरी बेस, त्यावर सेपिया वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), तो पूर्ण वाळल्यावर घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर आणि मानेवर तांबूस तपकिरीचे पातळ हात. आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय काळे, पण निव्वळ काळा वापरू नका. काळ्यात थोडा तपकिरी मिसळून त्याचं हायलाइट दिलं की केस केसांसारखे दिसतात. पाय काळे करताना रेघ स्पष्ट ठेवायची नाही, ओलसर ब्रशने गुडघ्यापाशी रंग विरवत न्यायचा. पुढच्या तुकडीत एक पंचकल्याणी करायचा आहे. चारही पाय आणि कपाळ पांढरं म्हणजे पातळ थरांचं काम, त्याला घाई चालणार नाही.

हवामानाची साथ आहे. आपलं चॅलेंज कॅनडातून चालणाऱ्या ॲनालॉग हॉबीज पेंटिंग चॅलेंजच्या धर्तीवर 21 डिसेंबर ते 20 मार्च असं ठेवलंय. तिकडे बर्फामुळे माणसं घरात असतात म्हणून हे महिने सोयीचे. आपल्याकडे याच दिवसांत हवा कोरडी असते आणि स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, गुळगुळीत बसतो. मुंबईच्या पावसाळ्यात तोच डबा फिगरवर धुरकट, खरखरीत थर देऊन जातो.

आता नियमांकडे. पायदळाच्या शिपायाला 5 गुण, घोड्यासकट स्वाराला 10, आणि आपलं लक्ष्य आपणच आधी जाहीर करायचं, हे सगळ्यांना मान्य आहे. कुरबूर आहे ती सुरुवातीच्या फोटोवरून, म्हणजे रंगवण्याआधी फिगरचा फोटो द्यायच्या नियमावरून. फिगर प्रायमर मारलेली चालेल, पण रंगाचा एकही हात नको, आणि फिगरशेजारी तारखेची चिठ्ठी हवी. काहींना हा अविश्वास वाटतो. मला नाही वाटत. स्वार रंगवतोय तर स्वारांचाच इतिहास बघा. सरदार हजेरीपुरते उसने घोडे उभे करत आणि पूर्ण तुकडीचा पैसा उचलत. म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायांचं वर्णन लिहून ठेवायची पद्धत घातली, आणि पुढे अकबराने ती पुन्हा सुरू केली. ज्याचे घोडे खरे होते त्याला डागाचं भय नव्हतं, उलट त्याची बाजू पक्की होत होती. आपला फोटो तेच काम करतो. गेल्या वर्षीची अर्धवट रंगवलेली पलटण कपाटात कुणाकडे नाही? ती पूर्ण करा, जरूर करा, पण तिचे गुण या हिशेबात नकोत.

साधनांवर मात्र बंदी नको, असं माझं ठाम मत आहे. कॉन्ट्रास्ट रंग 2019 मध्ये आले तेव्हापासून "हे काय रंगवणं?" हा सूर अधूनमधून निघतो. एअरब्रशबद्दलही तसंच. एका हातात सावली आणि उजेड दोन्ही देणारा रंग वापरून कुणी पन्नास शिपाई उभे केले, तर ते पन्नास शिपाई त्याने रंगवलेत. गुण संख्येला आहेत, नजाकतीला नाहीत, आणि हे पहिल्या दिवशीच ठरलंय.

नजाकतीची स्पर्धा वेगळी. फिगर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीची गोल्डन डेमन स्पर्धा 1987 पासून आहे, तिथे एकेका फिगरवर महिनोन्महिने घालवणारे लोक उतरतात. तिथेही 2024 मध्ये एका विजेत्या कामाची पार्श्वभूमी एआयने बनवलेली निघाली, मोठा वाद झाला, आणि एआयला मनाई करणारा नियम वादानंतर आला. हेच आपल्याकडे टाळायचंय. मध्येच नियम बदलला की आधी काम केलेल्यावर अन्याय होतो, मग नियम कितीही चांगला असो.

म्हणून दुसऱ्याच्या मदतीबद्दल माझी सूचना पुढच्या वर्षासाठी आहे, या वर्षासाठी नाही. बेसवर वाळू-गवत मुलांनी लावलं, थ्रीडी प्रिंट मित्राने काढून दिली, तर चालेल, फक्त फोटोखाली तसं लिहायचं. ब्रश मात्र सहभागी माणसाचाच. पैसे देऊन रंगवून घेतलेली फिगर अजिबात नको. आणि शेवटची वेळ भारतीय वेळेनुसार रात्री 12, हे ठळक लिहू. न्यू जर्सीत तेव्हा दुपार असते, तिथल्या मंडळींना आणखी एक संध्याकाळ मिळेल असा गैरसमज नको.

हरकती असतील तर 20 मार्चच्या आत कळवा, मसुदा मी लिहिते. तोवर दुसरी तुकडी प्रायमर मारून ठेवली आहे, चिठ्ठीसकट फोटो काढलाय, आणि सुरुवात पंचकल्याणीच्या पायांपासून करणार आहे. पांढऱ्याखाली फिकट राखाडी घ्यावा की फिकट बदामी, यावर अनुभव असेल तर जरूर सांगा.