तीन पेट्रोल पंप

ठाण्याबाहेरच्या कुणाला "तीन पेट्रोल पंपाजवळ ये" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "तिघांतल्या कुठल्या?" आम्हा नौपाड्याच्या लोकांना हा प्रश्न कधी पडला नाही. तीन हात नाक्याचे हात तरी कुणी मोजलेत? नाव ते नाव. माझ्यासाठी मात्र त्या नावाला एक वासही आहे.

रविवारी सकाळी बाबा स्कूटर काढायचे. आधी ती आडवी करायची, मग किक मारायची, हा क्रम संध्येसारखा. मी पुढे उभी, हँडलच्या मधोमध धरून, हनुवटी स्पीडोमीटरला टेकेल इतकी बुटकी. पंपावर आले की मी खाली उतरायचे, बाबा सीट उचलून टाकीचं झाकण फिरवायचे. पेट्रोलबरोबर ऑइल मापून पडायचं. मग झाकण लावून बाबा ती अख्खी स्कूटर दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवायचे, औषधाची बाटली हलवावी तशी. झाकण उघडं असेपर्यंतची ती दोन मिनिटं माझी. "नाक काय खुपसतेस गं त्यात!" बाबा ओरडायचे, आणि झाकण लावायला वाकले की स्वतःही एक श्वास जरा लांब घ्यायचे. मी पाहिलंय.

हे सगळं आठवायचं कारण माझी हाडं. गेल्या महिन्यात हाडांची घनता तपासली, आकडा आला उणे 1.8, म्हणजे हाडं जरा विरळ झालेली. पन्नाशी उलटलेल्या बाईला यात नवल वाटू नये असं डॉक्टर म्हणाल्या, आणि कॅल्शियम लिहून दिलं. नवल लेकीला वाटलं. ती ऐरोलीला नोकरी करते, डबा स्टीलचाच नेते, वडापाव वर्तमानपत्राच्या कागदात दिला तर शाई पोटात जाते म्हणून वाद घालते (त्या वादात कायदा तिच्या बाजूने आहे, वडेवाला नाही). रिपोर्ट वाचून ती एकदम म्हणाली, "आई, तुझ्या लहानपणी पेट्रोलमध्ये शिसं असायचं ना?"

असायचं. इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालत. भारतात ते पूर्णपणे बंद झालं फेब्रुवारी 2000 मध्ये. म्हणजे माझं शाळा-कॉलेज, लग्न, बाळंतपण सगळं शिसेयुक्त पेट्रोलच्या जमान्यातलं. मला आवडायचा तो वास काही शिशाचा नव्हता, तो बेन्झीन आणि त्याच्या भाऊबंदांचा. तेही काही साजूक तूप नव्हे, बेन्झीनने कॅन्सर होतो. शिसं यायचं धुरातून. सायलेंसरमधून निघून रस्त्याकडेच्या धुळीत बसायचं, आणि त्या धुळीत आमच्या बोरांच्या, चिंचांच्या, मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या गाड्या उभ्या. हात फ्रॉकला पुसून खायचं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं. लहान मुलाचं निम्म्यापर्यंत. वाढत्या अंगाला कॅल्शियम हवं असतं, आणि शिशाला कॅल्शियमचं सोंग फार छान जमतं. रक्तातून ते महिन्या-दोन महिन्यांत ओसरतं. पण ओसरून बाहेरच पडतं असं नाही. बरंचसं हाडात जाऊन बसतं आणि तिथे वीस-पंचवीस वर्षं सहज काढतं, पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूसारखं.

हाडं झिजू लागली की मात्र भाडेकरू जिन्यावर येतो. गरोदरपणात थोडं, पाळी गेल्यावर जास्त, हाडातलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. हे वाचून मी बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले. 1979 सालच्या रविवारची धूळ आत्ता, या वयात, माझ्या रक्तातून फिरत असेल! भीती वाटली हे खरं, पण आधी वाटली ती गंमत. अल्बममधले फोटो पिवळे पडले, स्कूटर भंगारात गेली, आणि हाडांनी मात्र तो रस्ता जपून ठेवला.

किती जपलाय ते कळायला मार्ग नाही. रक्ताची तपासणी हल्लीचं सांगते, हाडातलं मोजायची यंत्रं संशोधकांकडे. लेक म्हणाली, "रक्ताची तरी करून घे." मी अजून केलेली नाही. शिशाने मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो, आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाणच सापडलेलं नाही, असं तिने वाचून दाखवलं, तेव्हा मी बाबांना म्हटलं, "बघा, सातवीत गणितात 38 का मिळाले ते आत्ता कळलं." बाबा 84 वर्षांचे आहेत, पण ऐकू सगळं येतं. म्हणाले, "शिशाचा काही संबंध नाही. तू अभ्यास केला नव्हतास."

बाबांनी सिगारेट सोडली 1985 साली. घरात पेढे वाटले होते. त्याच रात्री, आणि पुढे कित्येक वर्षं रोज रात्री, आई आमच्या उशाशी डासांची कॉइल लावायची आणि खिडक्या बंद करायची. ठाणं तलावांचं, त्यामुळे डासांचंही. पुढे 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला : एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांएवढे भरतात. हे आईला सांगायला आता आई नाही, आणि असती तरी मी सांगितलं नसतं. मलेरियाने शेजारचं घर कसं आडवं झालं होतं, ते तिने पाहिलं होतं. सकाळी फरशीवर राखेचं वेटोळं जसंच्या तसं पडलेलं असायचं, फुंकर मारली की मोडायचं. ते मोडायचा मान माझा.

लेकीसमोर हे बोलायची सोय नाही. ती म्हणते, "तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत आहे, एवढाच फरक." फोनवर हवेचा आकडा बघून ती खिडकी उघडायची की नाही ते ठरवते. मी फडकं घेऊन ग्रिल पुसते, फडकं काळं होतं, मला काम झाल्यासारखं वाटतं. ती सांगते, फडक्याला लागते ती जाड धूळ. फुप्फुसात खोल जातात ते कण अडीच मायक्रॉनचे, केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे, ते दिसतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत हवी; आपल्याकडचं मानक 40. "म्हणजे पास व्हायला आपल्याला सोपं," मी म्हटलं. ती हसली नाही.

तिने नुकतीच बॅटरीवरची स्कूटर घेतली. परवा बाबा म्हणाले, मला जरा सोडून ये. काठी टेकत खाली आले, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि सवयीने म्हणाले, "आडवी कर आधी."

"आजोबा, हिला नाही करावी लागत. कुठे जायचंय?"

"तीन पेट्रोल पंप."

"अहो, हिला पेट्रोल नाही लागत!"

"ते ठाऊक आहे गं," बाबा मागच्या सीटवर बसत म्हणाले. "मला तिथल्या न्हाव्याकडे जायचंय."