रांगेतील क्रम आणि वजा एक

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांसाठी ९० मिनिटे मिळतात आणि त्यात अंकगणिताबरोबर बुद्धिमत्ता चाचणीही असते. तिच्यातील रांगेतील क्रमाचे प्रश्न मला सोपे वाटत, आणि सरावात नेमके तेच चुकत. उत्तर एकाने कमी किंवा एकाने जास्त येई, आणि तो चुकीचा आकडाही बहुतेक वेळा पर्यायांत असे.

सूत्र पाठ होते: रांगेतील एकूण संख्या म्हणजे एकाच मुलाचा डावीकडून क्रमांक अधिक उजवीकडून क्रमांक, वजा एक. परंतु ते वजा एक कशासाठी, हे मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते. एका संध्याकाळी वहीत पाच उभ्या रेघा ओढून मधल्या रेघेभोवती गोल केला. ती दोन्हीकडून तिसरी होती. बेरीज सहा आली आणि रेघा तर पाचच होत्या. मधली रेघ दोनदा मोजली गेली होती, आणि तीच मला वजा करायची होती.

खरी कसोटी दोन व्यक्तींच्या प्रश्नांत लागली. ४० मुलांच्या रांगेत एक डावीकडून १७वा व दुसरा उजवीकडून १२वा असेल, तर मध्ये ४० वजा २९, म्हणजे ११ मुले उरतात. पण एक डावीकडून २८वा आणि दुसरा उजवीकडून २२वा असेल, तर बेरीज ५० होते, एकूण संख्येच्या पुढे जाते. म्हणजेच दोघे एकमेकांना ओलांडून उभे आहेत. अशा वेळी मी दुसऱ्याचा क्रमांकही डावीकडून काढतो: ४० वजा २२ अधिक १, म्हणजे १९वा. १९ आणि २८ यांच्यामध्ये ८ मुले.

‘रांगेत किमान किती मुले असतील’ असे विचारले की हेच ओलांडणे मुद्दाम घडवावे लागते. एक डावीकडून १५वा, दुसरा उजवीकडून २०वा आणि मध्ये ५ मुले, यावर मी बेधडक ४० लिहीत असे. ती जास्तीत जास्त संख्या आहे. दुसऱ्याला पहिल्याच्या डावीकडे नेले, की तो डावीकडून ९वा ठरतो आणि एकूण मुले २८ होतात. ‘किमान’ हा शब्द मी आता प्रश्न वाचतानाच अधोरेखित करतो.

झाडांच्या प्रश्नांतही हाच एक आडवा येतो. १०० मीटर सरळ रस्त्यावर, दोन्ही टोके धरून, दर ५ मीटरवर २१ झाडे लागतात. तेवढ्याच परिघाच्या गोल तळ्याभोवती मात्र २०, कारण तिथे शेवटचे झाड पहिल्याच झाडाच्या जागी येते.