बबल टिप ॲनिमोन, सांगली : पाच महिन्यांची नोंद

फेब्रुवारीत आणलेल्या बबल टिप ॲनिमोनला (पायाने दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आता पाच महिने झाले. खाऱ्या पाण्याचा टँक तीन फूट बाय दीड बाय दीड, दगड वजा जाता पाणी साधारण 160 लिटर. टँक दीड वर्ष चालवला, मगच हा आणला. कडक सांगाड्याचे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये येतात, त्यामुळे ते माझ्याकडे नाहीत. दगडही सिरॅमिकचेच.

सोडताना मधल्या कपारीत बसवला होता. सकाळी बघतो तर तिथून गायब. तिसऱ्या रात्री अकरा वाजता लाल टॉर्च लावून बसलो. पायाची एक कड फुगली, परातीत सैल कणीक पसरावी तशी पुढे पसरली, चिकटली, मग मागचा भाग ओढला गेला. तासाभरात दोन बोटं सरकला, तेही वेव्हमेकरच्या (पाण्यात लाटा काढणारा पंखा) दिशेने. वेव्हमेकर आणि ओव्हरफ्लोला (वरचं पाणी बाहेर नेणारी वाट) आधीच जाळी-स्पंज बांधले होते म्हणून हात न लावता बघत बसू शकलो. नवीन लोकांना माझं एवढंच सांगणं : त्याला उचलून आपल्या आवडीच्या जागी बसवू नका. ओढताना पाय फाटला तर जखम सडते आणि ॲनिमोन हातचा जातो. नवव्या दिवशी त्यानेच डावीकडची वरची कपार धरली, ती आजवर सोडलेली नाही. पाय इतका आत आहे की दिसतच नाही; जरा धक्का लागला की सगळं अंग आत ओढून घेतो.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. दुपारी बाहेर चाळीस, घरात टँक 31 वर जायचा. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नाही, पाण्यावर दोन पंखे लावले की 27.5 पर्यंत उतरतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून हे जमतं. पण रोज तीन लिटर पाणी उडतं आणि मीठ तिथंच राहतं. टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, फक्त आरओ-डीआयच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य.

मेमध्ये आटपाडीला लग्नाला चार दिवस गेलो. धाकट्या भावाने न चुकता रोज तीन लिटर ओतले, पण मीठ कालवलेल्या कॅनमधून. दोन्ही कॅन सारखेच, वर काही लिहिलेलं नाही. त्याला कसं कळणार? परत आलो तेव्हा ॲनिमोन लिंबाएवढा आकसलेला, तोंड सैल, कडेला तपकिरी चिकट धागे. त्याच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारं शेवाळ तो बाहेर टाकत होता. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 37.5 (हजारात इतके भाग मीठ). एकदम गोडं पाणी ओतावं असं फार वाटलं, पण हा झटका दुसरा ठरला असता. रोजच्या टॉप-अपशिवाय तीन लिटर काढून तीन लिटर आरओ घातलं, असं चार दिवस. तेव्हा 35 वर आलं. सहाव्या दिवशी कोळंबीचा तुकडा शुंडांच्या टोकांना लागताच चिकटला, तेव्हा जिवात जीव आला. आईने मिठाच्या कॅनला लाल नाडी बांधून ठेवलीय.

खाणं आठवड्यातून एकदा, हरभऱ्याएवढा कोळंबीचा तुकडा. सुरुवातीला अंगठ्याच्या नखाएवढा द्यायचो. गिळायचा आणि रात्री बुळबुळीत गोळा करून बाहेर टाकायचा, वर पाण्यात नायट्रेटही (कुजलेल्या अन्नातून तयार होणारा क्षार) चढायचं. टोकं फुगलेली आहेत की लांबलेली, याची काळजी करू नका. तोंड मिटलेलं आणि टोकं चिकट, एवढंच बघा.

ओसेलॅरिस क्लाऊन माशांची जोडी चाळीस दिवस त्याच्याकडे फिरकली नाही. निसर्गात त्यांचं घर दुसऱ्या जातीच्या ॲनिमोनमध्ये असतं, म्हणून मी वाट बघितली, ढकलाढकली केली नाही. एकेचाळिसाव्या दिवशी मोठी मादी आधी शेपूट घासून आली, मग पोट, आणि संध्याकाळी सरळ आत जाऊन झोपली. मी जेवण अर्धवट टाकून घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या!

आता पावसाळ्यात हवा दमट आहे, पंख्यांनी जेमतेम एक अंश उतरतो. टॉप-अपही दीड लिटरवर आलंय. पुढच्या उन्हाळ्याआधी फ्लोटवर चालणारं ऑटो टॉप-अप बसवणार, टाकी वेगळी आणि झाकणबंद.

आज सकाळी : 26.8 अंश, क्षारता 35, नायट्रेट 8, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) 8.4. तोंड घट्ट मिटलेलं, पसारा वीतभर.