पॅकेज अद्ययावत झाले, पण बूट लोडरचे काय?

कार्यप्रणाली अद्ययावत करताना पडद्यावर एकही त्रुटी आली नाही, की सारे काही यथास्थित पार पडले असे आपण गृहीत धरतो. बूट लोडरच्या, म्हणजे संगणक सुरू होताना कार्यप्रणाली चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत हे गृहीतक अनेकदा फसते. संगणक सुरू करताना चालतो तो पॅकेजमधल्या, म्हणजे अद्ययावत करताना मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यातल्या, फाइलींमधला बूट लोडर नव्हे. त्या फाइलींवरून पूर्वी कधीतरी तयार करून डिस्कवर ठरावीक जागी बसवलेली एक प्रत चालते. पॅकेजची नवी आवृत्ती आली म्हणून ती प्रत आपोआप बदलतेच असे नाही.

मला हे कळले ते २०२० च्या जुलैअखेरीस. ग्रब या बूट लोडरमधील ‘बूटहोल’ ही गंभीर सुरक्षा-त्रुटी २९ जुलैला जाहीर झाली होती आणि बहुतेक लिनक्स वितरणांनी (लिनक्सवर आधारित कार्यप्रणालींनी) तिच्यावरचा उपाय तातडीने पाठवला होता. मी डेबियन या अशाच एका वितरणावर नेहमीप्रमाणे अपग्रेड केले, संगणक पुन्हा सुरू केला आणि काळ्या पडद्यावर दोनच गोष्टी उरल्या : ‘ग्रब_कॅलॉक’ नावाचे सिम्बॉल सापडत नसल्याची तक्रार आणि तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ असा लुकलुकणारा प्रॉम्प्ट. मेनू नाही, कर्नल नाही, काही नाही.

कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला. बायोस या संगणक सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीच्या संगणकात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूट लोडरच्या वाट्याला फार तर ४४६ बाइट येतात; उरलेल्या जागेत पार्टिशन टेबल आणि शेवटची दोन बाइटची खूण असते. एवढ्याशा जागेत काहीच मावत नसल्यामुळे ग्रब आपला गाभा, म्हणजे ‘कोअर इमेज’, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या पट्ट्यात ठेवतो आणि बाकीची मॉड्यूल्स, म्हणजे जोडभाग, बूट डिरेक्टरीतून वाचतो. गाभा आणि मॉड्यूल्स एकाच आवृत्तीची असली पाहिजेत, ही यातली कळीची अट आहे. बूटहोलच्या दुरुस्तीत स्मृती मागताना आकडा ओसंडत नाही ना हे तपासणारे ‘ग्रब_कॅलॉक’ हे नवे फंक्शन गाभ्यात आले आणि नवी मॉड्यूल्स ते वापरू लागली. माझ्या डिस्कवर मॉड्यूल्स नवी होती, गाभा मात्र जुनाच राहिला होता.

तो जुना का राहिला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. काही महिन्यांपूर्वी मी जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर केली होती आणि जुनी डिस्क फॉरमॅट करून साठवणीसाठी संगणकातच ठेवली होती. ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा, याची नोंद डेबियन आपल्या डेबकॉन्फ या सेटिंग्ज साठवणाऱ्या यंत्रणेत डिस्कच्या मॉडेल आणि सीरियल क्रमांकानिशी ठेवते आणि त्या नोंदीत अजूनही जुनीच डिस्क होती. अपग्रेडने नवा गाभा इमानेइतबारे तिच्यावर लिहिला. ती डिस्क जोडलेलीच असल्यामुळे कोणताही प्रश्न विचारला गेला नाही, कोणतीही त्रुटी दिसली नाही. जुनी डिस्क मी काढून ठेवली असती, तर नोंदवलेले उपकरण न सापडल्यामुळे निदान विचारणा तरी झाली असती. शेवटी बूट मेनूतून ती जुनी डिस्क निवडताच संगणक सुरळीत सुरू झाला, तेव्हा सगळा उलगडा झाला. मग ‘डीपीकेजी-रिकन्फिगर ग्रब-पीसी’ ही आज्ञा चालवून यादीत एसएसडी निवडली आणि प्रश्न सुटला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा फक्त मेनूची फाइल नव्याने लिहिते. बूट लोडरची प्रत बदलण्याचे काम ‘ग्रब-इन्स्टॉल’ करते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आर्च लिनक्सच्या अनेक वापरकर्त्यांना हा फरक भोवला : नव्या पॅकेजने तयार केलेल्या मेनूत अशी आज्ञा होती जी डिस्कवरच्या जुन्या ग्रबला समजतच नव्हती. ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवून मेनूही नव्याने तयार करणे हाच त्यावरचा उपाय होता.

बायोसची जागा घेणारी यूईएफआय ही नवी पद्धत असलेल्या संगणकात प्रत ईएफआय पार्टिशनवर साध्या फाइलीच्या रूपात असते. ती डोळ्यांनी पाहता येते, तिची तारीख तपासता येते, हा मोठाच दिलासा. पण तिथेही एकाहून अधिक प्रती असू शकतात. फर्मवेअरमधील, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधील, बूट लोडरची नोंद पुसली गेली, तर संगणक ‘ईएफआय’ डिरेक्टरीतल्या ‘बूट’मध्ये ठेवलेली पर्यायी प्रत उचलतो, आणि ती अनेकदा पहिल्या इन्स्टॉलेशनच्या वेळची असते. सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूट लोडर वापरणाऱ्यांना ‘बूटसीटीएल स्टेटस’ने ईएफआय पार्टिशनवरच्या प्रतीची आवृत्ती दिसते आणि ‘बूटसीटीएल अपडेट’ने ती बदलता येते. सिक्युअर बूट (फक्त विश्वसनीय स्वाक्षरीचा बूट लोडर चालू देणारी सोय) चालू असल्यास जुनी प्रत ठेवणे आणखी धोक्याचे ठरते, कारण सदोष बूट लोडर रद्दबातल ठरवणाऱ्या याद्या फर्मवेअरमध्ये पोहोचल्या की तो चालवायलाच नकार मिळतो.

आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्क वापरणाऱ्यांनी दोन्हींवर बूट लोडर बसवावा. अन्यथा पहिली डिस्क निकामी झालेल्या दिवशी दुसरीवरची माहिती शाबूत असूनही संगणक सुरू होणार नाही. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांची गोष्ट याच्याच जवळची आहे : ‘झेडपूल अपग्रेड’ केल्यावर बूट कोड जुना राहिला, तर त्याला नव्या वैशिष्ट्यांचा ‘पूल’, म्हणजे झेडएफएसचा डिस्क-संच, वाचता येईलच याची खात्री नसते.

आता मोठ्या अपग्रेडनंतर, पुन्हा सुरू करण्याआधी, मी ‘डेबकॉन्फ-शो ग्रब-पीसी’ चालवतो आणि तिथे दिसणारा सीरियल क्रमांक एसएसडीच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळवतो. तो जुळला तरी ‘ग्रब-इन्स्टॉल’ एकदा हाताने चालवतो. डिस्कऐवजी जिच्यावरून संगणक सुरू करता येतो अशी लाइव्ह यूएसबी जवळ ठेवलेली असते. तिच्यावरून मूळ पार्टिशन माउंट करून, ‘क्रूट’ या आज्ञेने त्या प्रणालीच्या आत शिरून हीच आज्ञा देता येते. हे सारे पाच मिनिटांत होते, आणि ती पाच मिनिटे झाल्याशिवाय मी रीबूट करत नाही.