पोकरच्या छोट्या टेबलावर बेटचा आकार काय सांगतो?

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये केला. तेव्हापासून ज्याला कायदा न मोडता पैसे लावून पोकर खेळायचे आहे, त्याच्यासाठी पणजीत मांडवीवर उभी असलेली कॅसिनो जहाजे ही एक वाट उरते. तिथल्या सर्वांत लहान, म्हणजे सर्वांत कमी रकमेच्या टेबलावर बसणारे बरेचसे खेळाडू दिवाळीतल्या तीन पत्तीवर वाढलेले असतात आणि 'शो' पाहिल्याशिवाय पत्ते टाकणे (डाव सोडणे) त्यांच्या जिवावर येते. अशा टेबलावर ब्लफ करणे, म्हणजे कमजोर पत्त्यांवर जोर दाखवणे, हा बहुतेक वेळा पैशांचा अपव्यय असतो. चांगल्या पत्त्यांवर मोठी बेट (डावावरची रक्कम) लावणे आणि समोरच्याच्या बेटच्या आकारावरून त्याचे पत्ते ओळखणे, या दोनच गोष्टींवर तिथली कमाई उभी राहते, असे माझे मत आहे.

एक डाव उदाहरणादाखल घेऊ. ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने भरायच्या रकमा) 100-200 रुपयांचे आहेत आणि प्रत्येकासमोर 20,000 रुपयांच्या चिप्स आहेत. दोघांनी नुसते 200 टाकून प्रवेश केला आहे, आपण बटणावर (पत्ते उघडल्यावर शेवटी खेळणाऱ्या जागी) आहोत आणि हातात इस्पिकचा एक्का व चौकटचा राजा आहे. आपण 1,200 पर्यंत रेज करतो (रक्कम वाढवतो), दोघांपैकी एक जण कॉल करतो (तेवढीच रक्कम भरतो) आणि बाकी सगळे पत्ते टाकतात. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 2,900 रुपये जमतात. फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत) बदामचा राजा, बदामची अठ्ठी आणि किलवरची तिर्री येते, आणि समोरचा चेक करतो (काही न लावता पाळी पुढे देतो).

इथे 700 रुपयांची बेट लावणारे पुष्कळ असतात, कारण समोरच्याने पळून जाऊ नये अशी त्यांची इच्छा असते. पण 700 च्या बेटवर कॉल करणारा 4,300 च्या पॉटसाठी 700 भरतो, म्हणून त्याला जेमतेम 16 टक्के जिंकण्याची शक्यता पुरते, तर बदामाचे चार पत्ते जमलेल्या खेळाडूला पुढच्याच पत्त्यावर फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) लागण्याची शक्यता सुमारे 19 टक्के असते. म्हणजे त्याचा कॉल आपणच फायद्याचा करून देतो. 2,000 ची बेट लावली, तर त्याला 29 टक्के लागतात. राजा-राणी किंवा राजा-गुलाम घेऊन बसलेला खेळाडू मात्र या टेबलावर 700 लाही कॉल करतो आणि 2,000 लाही. फ्लॉपवर 2,000, टर्नवर (चौथ्या सामायिक पत्त्यावर) 5,000 अशा बेट कॉल झाल्या की रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) पॉट 16,900 चा होतो आणि आपल्याजवळ 11,800 उरतात, म्हणजे शेवटची बेट लावून सगळा स्टॅक (समोरच्या चिप्स) सहज आत जाऊ शकतो. तेच प्रत्येक फेरीत पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी बेट लावली असती, तर शेवटच्या कॉलनंतरही आपल्यासमोर साधारण साडेतेरा हजार पडून राहिले असते. कॅसिनो पॉटमधून स्वतःचा वाटा कापतो, तो वेगळाच.

आता खरा पेच. टर्नवर इस्पिकची छक्की येते, आपण 5,000 लावतो आणि आतापर्यंत फक्त चेक आणि कॉल करणारा हा गृहस्थ एकदम ऑल-इन जातो (सगळ्या चिप्स लावतो). आपल्याला आणखी 11,800 भरायचे आहेत आणि कॉल केल्यावर पॉट 40,500 चा होईल, त्यामुळे 29 टक्के शक्यता पुरेशी आहे. आपल्याला हरवणारे कॉम्बो (त्याच्या हातातल्या दोन पत्त्यांच्या शक्य जुळण्या) मोजावेत: टेबलावरच्या पत्त्यासह तीन समान करणारी अठ्ठ्यांची जोडी 3, तिर्रींची 3, छक्क्यांची 3 आणि एकाच चिन्हाचे राजा-अठ्ठी 2, असे एकूण 11. अठ्ठी-छक्कीसारखे तुरळक हात हिशेबाच्या सोयीसाठी सोडतो. या अकरांपुढे आपण जवळजवळ संपलेले आहोत. दुसरीकडे, बदामाच्या अपुऱ्या (चारच पत्ते जमलेल्या) फ्लशविरुद्ध आपण सुमारे 80 टक्के वेळा जिंकतो, त्यामुळे अशा सहा-सात कॉम्बोंवरही तो ऑल-इन जात असेल, तर कॉल बरोबर ठरतो. आणि एकट्या बदामच्या एक्क्याबरोबरचे असे कॉम्बो 10 आहेत.

म्हणजे प्रश्न त्याच्या हातात अपुरा फ्लश असू शकतो का, एवढाच नाही. अपुऱ्या फ्लशवर तो रेज करतो का, हा आहे. याचे उत्तर आधीच्या डावांत मिळते. म्हणून स्वतः पत्ते टाकलेल्या डावांत, मोबाइलमध्ये डोके न घालता, उघडलेले पत्ते आणि त्यांमागच्या बेट एकत्र लक्षात ठेवाव्यात. हा खेळाडू यापूर्वी फ्लशची वाट पाहत निमूटपणे कॉल करत आला असेल, तर त्याच्या ऑल-इनमधून ते दहा कॉम्बो वजा होतात आणि एक्का-राजा टाकून देणेच योग्य ठरते. चार बियर पोटात गेलेला आणि मघाशी पाच आकडी पॉट हरलेला खेळाडू असेल, तर मी कॉल करतो. थरथरणारे हात, चोरटी नजर वगैरे गोष्टींवर मी फारसा विसंबत नाही.

इतर आकारांतूनही असाच अर्थ निघतो. अनेक खेळाडू पॉटकडे न पाहता सवयीच्या रकमेची चिप पुढे करतात. 6,900 च्या पॉटमध्ये कोणी स्वतःहून 1,000 लावले, तर बहुधा तो मधली जोडी (टेबलावरच्या मधल्या पत्त्याशी जुळलेली) किंवा अपुरा फ्लश स्वस्तात पुढे नेऊ पाहतो आहे, आणि तिथे मोठा रेज करावा. याउलट टर्नवर आपल्या बेटच्या जेमतेम दुप्पट असा किमान रेज दिसायला नम्र असला, तरी तो लहान टेबलावरचा सर्वांत भीतिदायक आकार आहे. त्यामागे बहुधा तीन समान पत्ते असतात.

वरच्याच डावात त्याने टर्नवर रेज न करता कॉल केला आणि रिव्हरला बदाम पडले, तर? त्याने आपणहून 11,800 पुढे ढकलले, तर किंमत पुन्हा 29 टक्क्यांचीच आहे, पण दोन फेऱ्या शांत राहिलेला खेळाडू तिसरे बदाम पडताच ब्लफ सुरू करेल, अशी शक्यता 29 टक्क्यांच्या जवळपासही नसते, तेव्हा मी पत्ते टाकतो. त्याने चेक केला, तर मीही चेक करतो. राजा-राणीवाला आता 11,800 भरायला कचरेल, आणि जो भरेल त्याच्याकडे बहुतेक वेळा माझ्यापेक्षा वरचढ पत्ते असतील.