डोळे दोनदा भरतात ती सभा

जगभरच्या जुलूमशाहीतल्या माणसांच्या पाठीशी उभं राहणाऱ्या आमच्या एकजूट मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, हिशेब, ठराव हे सगळं रीतसर होतं. मी जाते ती साक्षींच्या सत्रासाठी. हुकूमशाहीतून निसटून आलेलं कुणीतरी आपल्या भाषेत एक वाक्य बोलून थांबतं आणि दुभाषी ताई ते मराठीत सांगतात. ती भाषा कळणाऱ्यांचे डोळे आधी भरतात, आमचे नंतर. एका वर्षी एक आई तुरुंगातल्या भेटीबद्दल बोलत होती. काचेपलीकडे मुलगा दिसला तेव्हा तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. ताईंनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. सगळं सभागृह थांबून राहिलं. मग ताई हळूच म्हणाल्या, "जेवलास?"

दुसरं म्हणजे काकांचं भाषण. काका निवृत्त इन्स्पेक्टर, उभा जन्म यंत्रांचे भाग तपासण्यात गेला. ते दरवर्षी स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडची हकीकत सांगतात. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्कराने सत्ता बळकावली, हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. चिलीच्या त्याच जातीच्या विमानांची इंजिनं दुरुस्तीसाठी रोल्स-रॉइसच्या तिथल्या कारखान्यात आली, तेव्हा १९७४ मध्ये बॉब फुल्टन या इन्स्पेक्टरने त्यांना हात लावायला नकार दिला. सहकारी पाठीशी उभे राहिले. इंजिनं चार वर्षं आवारात गंजत पडली आणि १९७८ मध्ये एका रात्री गुपचूप हलवली गेली. २०१५ मध्ये चिली सरकारने त्या कामगारांचा सन्मान केला. इथे येईपर्यंत काकांचा आवाज फुटतो. डब्लिनच्या दुकानातली मेरी मॅनिंग १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची फळं विकायला नाही म्हणाली, तेही ते सांगतात. पण इंजिनांचं सांगताना त्यांचा उजवा हात नकळत मागे सरकतो. मी दर वेळी तो हातच बघत बसते.

एक सल आहे, तो लिहितेच. ज्या युद्धाच्या बातम्या जोरात असतात त्या वर्षी दारात उभं राहायला जागा नसते. सुदानवर सत्र ठेवलं, तेव्हा सतरा माणसं आली. मी मोजली. एरवी एकजुटीवर तासभर बोलणारे त्या दिवशी कुठे होते?

आता मदतनीस. काहींची माणसं अजून तिकडे आहेत, त्यांची नावं छापता येत नाहीत. म्हणून मी कुणाचंच नाव लिहीत नाही. दुभाषी ताई. ऐन वेळी माईक दुरुस्त करणारे दादा. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारी दोघं भावंडं. रात्रभर पत्रकं छापणारे, सतरंज्या घालणारे आणि शेवटी त्या झटकून घड्या करणारे (ही माणसं वेगळी असतात, म्हणून वेगळी लिहिली). दूरदेशी पहाटे तीनला उठून व्हिडिओवर साक्ष देणारे. पाहुण्यांचे फोटो काढू नका म्हणून दारात प्रत्येकाला विनवणाऱ्या मावशी.

आणि मागच्या खोलीत लहान मुलांना सांभाळणारी मुलगी राहिलीच होती. तिला आजवर काकांचं एकही भाषण पूर्ण ऐकायला मिळालेलं नाही.