ट्रायल्स सायकल: आधी ब्रेक, मग बाकी सगळं

नाशिकमध्ये सायकलवाल्यांची कमी नाही. २०१५ मध्ये महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. लांब पल्ल्याच्या सायकलिंगबद्दल इथे विचारायला गेलात तर टायरपासून खाण्यापिण्यापर्यंत दहा जण सल्ला देतील. ट्रायल्सबद्दल विचारलं की मात्र समोरचा मोटोक्रॉसबद्दल बोलायला लागतो. म्हणून हा लेख, खास नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी.

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता दगड, ओंडके, कठडे चढणं-उतरणं. वेगाचा इथे संबंध नाही. स्पेनमधल्या कॅटालोनियात मोटरसायकल ट्रायल्सच्या लोकांनी मुलांना सायकलवर तोच सराव द्यायला सुरुवात केली आणि त्यातून हा खेळ निघाला. आज यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) स्पर्धांत २० इंची आणि २६ इंची असे दोन गट असतात. रस्त्यावरच्या कसरतींसाठी २४ इंची सायकलीही मिळतात. या सायकलींना सीट नसते किंवा नावापुरती असते, कारण बसायची वेळच येत नाही.

नवा माणूस सगळ्यात आधी विचारतो, ‘फ्रेम कुठली घेऊ?’ हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. ट्रायल्सच्या सायकलला दोनच गोष्टी चोख जमाव्या लागतात: चाक जागच्या जागी थांबणं, आणि पायडल दाबताच त्याच क्षणी सुटणं. पहिलं काम ब्रेकचं, दुसरं फ्रीव्हीलचं (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी खटक्यांची चकती). खिसा हलका असेल तर पैसे याच क्रमाने घाला. भारी फ्रेमवर घसरणारा ब्रेक असेल तर दगडावरून तोंडावर पडाल. साध्या फ्रेमवर चांगला ब्रेक असेल तर निदान शिकता तरी येईल.

ब्रेक दोन जातींचे. रिमवर चालणारा हायड्रॉलिक (मागुराचा एचएस-३३ यातला सगळ्यात परिचित) आणि डिस्क. डिस्कची सायकल आधीच हाताशी असेल तर तीच वापरा. १६० मिमीची रोटर (डिस्कची तबकडी) आणि सिंटर्ड (धातूची पूड दाबून केलेले) पॅड पुरतात. मात्र चेनला तेल मारताना एक थेंब जरी रोटरवर उडाला तरी पॅड गेले म्हणून समजा. ते पॉलिश पेपरने घासून परत येतात असं सांगणारे भेटतील, पण ट्रायल्ससाठी लागते तेवढी पकड त्यांना बहुधा परत येत नाही. नवे पॅड घातल्यावर थोडा वेग घेऊन वीसेक वेळा जोरात ब्रेक मारून ते बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच उडीत घसरतील.

रिम ब्रेकची गंमत वेगळी आहे. त्यासाठी रिमची बाजू मुद्दाम खरबडीत करतात, याला ‘ग्राइंड’ म्हणतात. टायर-ट्यूब काढा, डोळ्यांवर गॉगल चढवा, ४ इंची अँगल ग्राइंडर तिरपा धरून हलक्या हाताने रिमच्या ब्रेकिंग पट्टीवर टेकवत न्या आणि दुसऱ्या हाताने चाक हळूहळू फिरवत राहा. रेघा साधारण १-२ मिमी अंतराने, बोटाला खरखरीत लागतील एवढ्याच खोल. एकाच जागी ग्राइंडर टेकवून ठेवला तर तिथे खड्डा पडतो आणि दर फेऱ्याला ब्रेक तिथे अडखळतो. पातळ, एकपदरी भिंतीच्या स्वस्त रिमवर हा प्रयोग करू नका, काही महिन्यांतच भिंत फाटते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडर चालवणारे हात भरपूर सापडतील. पण त्यांना ‘जास्त काढू नका’ हे आधीच बजावून सांगा, कारण त्यांच्या सवयीत ग्राइंडर म्हणजे मटेरियल उडवणं.

ग्राइंड न करता गुळगुळीत रिमवर डांबराचा खडा घासण्याची जुनी युक्ती आहे. कोरड्यात ती चालते, किंचाळते आणि पकडही देते. पण नाशिकला जून ते सप्टेंबर पाऊस. ओल्या रिमवर डांबराचा ब्रेक भरवशाचा राहत नाही, ग्राइंड केलेला त्यामानाने बरा. त्यामुळे इथल्या हवेला ग्राइंडच. ग्राइंडला कडक, पॉलियुरेथेनचे पॅड लागतात, मऊ पॅड तो खाऊन टाकतो. पॅडच्या पाठीला प्लास्टिकऐवजी अॅल्युमिनियमची पट्टी असेल तर दाबल्यावर ती वाकत नाही, म्हणजे लिव्हरवर लावलेला जोर वाया जात नाही. ब्रेकच्या दोन बाजूंना जोडणारी बूस्टर कमानही याच कारणासाठी असते. ती नसेल तर ब्रेक दाबताना फ्रेमचेच दोन पाय बाहेर फाकतात.

आता एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण इथे नुकसान मोठं होतं. मागुरा आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, तर होपसारख्या काही ब्रेकमध्ये डॉट द्रव. शेजारच्या गॅरेजवाल्याला ‘ब्रेक ऑइल घाल’ म्हटलंत की तो मोटरसायकलचं डॉट घालणार, त्यात त्याची चूकही नाही. पण मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की आतले रबरी सील फुगतात, लिव्हर अडकतो आणि बहुतेक वेळा अख्खा ब्रेक बाद होतो. तेल भरायचं काम स्वतः शिका, ते अवघड नाही. एचएस-३३ ला लिव्हरवरचा पॅड जवळ आणायचा स्क्रू आधी उलटा फिरवून पूर्ण सैल करा, काढून टाकू नका. लिव्हर असा वळवा की त्यावरचं भरायचं छिद्र सगळ्यात उंच राहील. खालच्या सिलिंडरला सिरिंज लावून तेल सावकाश वर ढकला. वरून बुडबुडे यायचे थांबले की आधी वरचं छिद्र बंद करा, मग सिरिंज काढून खालचं. लिव्हर अजूनही स्पंजसारखा लागत असेल तर हवा नळीच्या एखाद्या वळणात अडकलेली असते. नळीला टिचक्या मारत पुन्हा ढकला.

तपासणी अशी करा. सायकलच्या बाजूला उभे राहा, एका बोटाने मागचा ब्रेक दाबा आणि सायकल जोरात पुढे रेटा. टायर जमिनीवर घासत सरकला पाहिजे, चाक फिरता कामा नये. चाक थोडं फिरून थांबत असेल तर पॅड वाकतोय, नाहीतर स्पोक सैल आहेत, नाहीतर ब्रेकचे क्लॅम्प हलतायत. रिम आणि पॅडमध्ये १ ते दीड मिमी अंतर ठेवा आणि पॅड टायरला शिवत नाही हे डोळ्यांनी बघा. टायरची भिंत घासून फाटली की ट्यूब तिथूनच बाहेर येते.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपातून आलेल्या सायकलींना डाव्या. कुठलाही चालेल, पण एकदा ठरवा आणि मग बदलू नका. मागच्या चाकावर उभं असताना विचार करायला वेळ नसतो.

फ्रीव्हीलकडे वळू. साध्या सायकलच्या फ्रीव्हीलला एका फेऱ्यात १६-१८ खटके असतात, म्हणजे दोन खटक्यांमध्ये जवळजवळ २० अंश मोकळे जातात. २२ दाते पुढे आणि १८ मागे असा गिअर असेल, तर १७० मिमीच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पायडल सुमारे ५ सेंमी नुसतंच खाली जातं आणि मग चाक सुटतं. उडीची वेळ तिथेच चुकते. ट्रायल्सची फ्रीव्हील ७२ किंवा १०८ खटक्यांची असते. ती बहुतेकदा मागे न बसवता उजव्या क्रँकवर बसवतात, कारण मागच्या १२ दात्यांच्या चकलीच्या पोटात तेवढं मजबूत फ्रीव्हील मावत नाही.

क्रँकवर फ्रीव्हील असलं की एक धोका येतो आणि तो कुणी सांगत नाही. पायडल थांबलं तरी मागचं चाक फिरतंय तोवर चेन पळतच राहते. चाक हाताने फिरवत फडक्याने चेन पुसायला गेलात तर फडक्याबरोबर बोटही चकलीत जातं. चेन पुसायची तर चाक थांबवून, तुकड्या-तुकड्याने. आणि पँटचा उजवा पाय बांधून ठेवा.

गिअर किती ठेवावा याचा साधा हिशोब: क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर गेली पाहिजे. २० इंचीला १८:१२ (पुढचे दाते:मागचे दाते), २४ इंचीला १८:१४, २६ इंचीला १८:१५ किंवा २२:१८, सगळे याच्या आसपास येतात. साध्या एमटीबीचा (माउंटन बाइकचा) ३२:१६ लावून बघाल तर चार मीटरच्या वर जातो. एवढ्या जड गिअरवर उभ्या उभ्या लाथ मारून मागचं चाक पुढे फेकता येत नाही.

मग फ्रेम. आधी एक जुनी डर्ट-जंप एमटीबी घेऊन शिकावं असं माझं मत आहे. आडवे ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा अक्ष बसतो त्या खाचा), २४ किंवा २६ इंची चाकं, सीट पूर्ण खाली. ट्रॅकस्टँड (जागच्या जागी तोल धरून उभं राहणं), बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून उडी), छोट्या उड्या एवढं त्यावर व्यवस्थित येतं. पुढची अडचण बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक फिरतात तो फ्रेममधला सांधा) उंचीची. दोन चाकांच्या अक्षांना जोडणारी रेघ मनात काढा. एमटीबीचा बीबी या रेघेच्या खाली असतो, ट्रायल्सच्या सायकलचा वर. बीबी जेवढा वर, तेवढं मागच्या चाकावर उभं राहणं सोपं, पण पुढे-मागे डगमगणंही जास्त. २६ इंची पहिली ट्रायल्स फ्रेम घेताना रेघेच्या वर १५ ते २५ मिमी पुरे. २० इंचीचे आकडे मुळातच मोठे असतात, त्यांची तुलना २६ शी करू नका. मोंटी, एको, इन्स्पायर्ड, जित्सी ही नावं शोधात पुढे येतील. बाहेरून मागवताना किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशोब करा.

बीबीखाली दगडाचा मार झेलायला लावायची बॅश प्लेट एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडून करून घेता येते, ५ मिमी अॅल्युमिनियम पत्रा चालतो. मात्र तडा गेलेली अॅल्युमिनियम फ्रेम वेल्ड करून पुन्हा वापरू नका. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचा भाग मऊ पडतो आणि पुढची चीर तिथेच पडते.

टायरची हवा. पेट्रोल पंपावर भरू नका, तिथे ३० च्या वरच मारतात. ०-३० पीएसआयचा वेगळा गेज घ्या, पंपावरचा काटा २० च्या खाली काहीही दाखवतो. ६५ किलोच्या आसपास वजन आणि २६×२.५ टायर असेल तर मागे २०, पुढे २५ ने सुरू करा. १५ सेंमीच्या फुटपाथच्या कडेवर मागचं चाक उतरवत बघा आणि दर वेळी १ पीएसआय कमी करा. रिम कडेला ठक्कन लागली की २ वाढवा आणि तिथेच थांबा. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन छिद्रं दिसली तर हवा कमी होती. एकच छिद्र असेल तर काटा टोचलाय.

सरावाला लाकडी पॅलेटसारखं दुसरं काही नाही आणि द्राक्षांच्या जिल्ह्यात ते मिळायला अडचण नसावी, पॅकहाऊसमधून निर्यातीच्या मोसमानंतर तुटके-फुटके निघतातच. शिक्क्यावर ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने केलेलं, ते नको. एक पॅलेट साधारण १५ सेंमी उंच. वरचे खिळे ठोकून बसवा आणि दोन-तीन रचणार असाल तर एकमेकांना स्क्रूने जोडा. सुटे रचलेले पॅलेट उडी मारतानाच मागे सरकतात.

क्रम असा ठेवा. आधी ट्रॅकस्टँड: पायडल आडवे, पुढचं चाक पुढच्या पायाच्या बाजूला थोडं वळवलेलं, किंचित चढावर तोंड. एक मिनिट जमेपर्यंत पुढे जाऊ नका. मग दोन्ही ब्रेक दाबून जागच्या जागी उड्या. मग पुढचं चाक पॅलेटवर ठेवणं. मागच्या चाकावर उभं राहणं याच्यानंतर, आणि त्याच्याही आधी मागे उतरायला शिका: मुद्दाम तोल मागे टाका, हँडल धरूनच दोन्ही पाय मागे जमिनीवर. ही भीती गेली नाही तर माणूस हात वाकवून पुढे लटकत राहतो आणि मागच्या चाकावर कधीच स्थिर होत नाही. हात सरळ, कंबर मागे, मागचा ब्रेक घट्ट. पायडल-किक (मागच्या चाकावरून पायडलच्या जोरावर पुढे उडी) मारताना पुढचं पायडल आडव्याच्या थोडं वर हवं. ब्रेक सोडणं आणि दाब देणं एकाच क्षणी, चाक टेकताच ब्रेक पुन्हा बंद. ब्रेक आधी सुटला तर सायकल पुढे निघून जाते आणि तुम्ही पाठीवर.

दगडांवर जायचं तर सह्याद्रीचा बेसॉल्ट कोरड्यात अप्रतिम पकड देतो. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ आलं की टायर कुठलाही असो, जाऊ नका. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, अंजनेरीच्या कातळावर गिधाडांची घरटी आहेत. दोन्हीकडे सायकल नेऊ नये. गोदाघाटाच्या पायऱ्या मोहात पाडतात, पण तिथे भाविक असतात आणि दगड निसरडे. नदीपात्रातले धोंडे फक्त उन्हाळ्यात. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी किती चढलं हे गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजणारं हे शहर आहे, तेव्हा पात्रात असण्यात शहाणपण नाही.

हेल्मेट आणि नडगीचे गार्ड पहिल्या दिवसापासून. पायडलच्या पिना नडगीवर बसतात तेव्हा हाडच दिसायचं बाकी राहतं.

शेवटी चेन. ताणून बसवल्यावर मधोमध ८-१० मिमी हलली पाहिजे, त्याहून घट्ट असेल तर फ्रीव्हीलचे छर्रे लवकर जातात. क्विक लिंक (हाताने उघडणारी कडी) वापरू नका, पिनेने जोडा. दर आठवड्याला एकेक कडी उजेडात धरून बाहेरच्या पट्ट्या बघा. पिनेच्या भोवती केसाएवढी जरी चीर दिसली तरी त्या दिवशी किक मारू नका. किक मारताना चेन तुटली की पाय रिकामा खाली जातो आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) छातीत बसतो. त्या कडीपुरती नाही, अख्खी चेन बदला. एक कडी थकली असेल तर शेजारच्याही त्याच वयाच्या आहेत.